स्वसंरक्षणासाठी परवडणारी काडतुसं: पैसे नेमके कुठे वाचतात

प्रश्न: माझ्याकडे परवान्याचं आखूड नळीचं 9 मिमी पिस्तूल आहे. वडिलांच्या मागे त्यांचं .38 चं रिव्हॉल्व्हरही रीतसर माझ्या परवान्यावर आलं आहे. सराव मी गोल टोकाच्या, तांब्याचं कवच असलेल्या साध्या गोळ्यांवर करतो. त्याच भरून ठेवल्या तर काय बिघडतं? हॉलो पॉइंटची (तोंडाला खळगी असलेल्या, लागल्यावर पसरणाऱ्या गोळीची) डबी छोटी आणि दर जवळजवळ तिप्पट. घ्यायचीच झाली तर 115 ग्रेन वजनाची घ्यावी की 147? वडिलांच्या कपाटात जुन्या काडतुसांची एक डबी सापडली आहे, ती चालेल का? – एक वाचक

उत्तर: भरून ठेवायला चांगल्या बनावटीची हॉलो पॉइंट, सरावाला तुमची साधी गोळी, आणि दोन्हींचं वजन एकच. वडिलांची डबी संरक्षणासाठी नको. घाईत असाल तर एवढं पुरे आहे. पण तुमचा खरा प्रश्न पैशांचा आहे, म्हणून आधी तोच हिशेब मांडू.

साध्या काडतुसाचा दर 1 धरा आणि हॉलो पॉइंटचा 3. महिन्याला 50 झाडली तर वर्षाला सरावाची 600 होतात. हॉलो पॉइंट पहिल्या वर्षी साधारण 100 लागतील: काही चाचणीत जातील, काही दोन मॅगझिनमध्ये भरलेली राहतील, थोडी शिल्लक. म्हणजे सगळा खर्च 600 अधिक 300, एकूण 900. सगळीच साधी घेतली असती तर 700. दुसऱ्या वर्षी चाचणी नाही, फक्त मॅगझिनमधली 30 बदलायची: 690 विरुद्ध 630. डबीवरचा तिप्पट दर पाहून छाती दडपते खरी, पण दुसऱ्या वर्षापासून खर्चातला फरक दहा टक्क्यांच्या आत येतो. पैसा जातो सरावात, आणि बचत शोधायची तीही तिथेच. स्टीलच्या किंवा अॅल्युमिनियमच्या पुंगळीतलं काडतूस पितळेच्या काडतुसापेक्षा बहुधा स्वस्त पडतं. तुमचं पिस्तूल ते खळखळ न करता खात असेल तर सरावाला बिनदिक्कत वापरा. मोठा खोका घेतला की दर आणखी उतरतो.

हॉलो पॉइंटमध्येही एक वाट आहे. किरकोळ विक्रीच्या देखण्या डबीत 20 किंवा 25 काडतुसं असतात. त्याच बनावटीची, त्याच वजनाची गोळी पोलीस दलांसाठी 50 च्या साध्या खोक्यातही भरली जाते. स्पीअरची गोल्ड डॉट आणि फेडरलची एचएसटी अशा दोन्ही रूपांत मिळतात. तुमच्याकडच्या विक्रेत्याला ती ठेवता आणि तुम्हाला विकता येत असतील तर डबीचा दर बघू नका, एका काडतुसाचा काढा. फरक बऱ्याचदा डोळ्यांत भरण्याइतका असतो.

खरेदीआधी कायद्याचं पाहून घ्या. दमदमच्या कारखान्यावरून जिला नाव पडलं, ती पसरणारी गोळी 1899 च्या हेग जाहीरनाम्याने युद्धात वापरायला बंद केली. तो नियम सैन्यांसाठी आहे. नागरिकांबाबत प्रत्येक देशाचा कायदा वेगळा: कुठे हॉलो पॉइंट खुली आहे, कुठे नाही, आणि कुठे परवान्यावर वर्षाला किती काडतुसं घ्यायची हेही बांधून दिलेलं असतं. संख्येवर मर्यादा असेल तर वरचा हिशेब बदलतो. अशा वेळी चाचणीची आधी बाजूला काढा आणि उरतील तेवढ्यांतच सराव बसवा.

आता साध्या गोळीने बिघडतं काय. ती कवचबंद असते, लागल्यावर आकार बदलत नाही, त्यामुळे पुढे जातच राहते. मोजमापासाठी मांसाच्या जागी 10 टक्के जिलेटिनचा ठोकळा वापरतात. ठोकळा नीट जमला आहे की नाही हे आधी 4.5 मिमीचा पोलादी छर्रा ठरलेल्या वेगाने मारून, तो सुमारे साडेआठ सेंटिमीटर जातो का ते पाहून तपासतात. अमेरिकेच्या एफबीआयच्या कसोटीत गोळीने अशा ठोकळ्यात 12 ते 18 इंच, म्हणजे 30 ते 46 सेंटिमीटर जावं अशी अपेक्षा असते. 9 मिमीची साधी गोळी 60 सेंटिमीटरच्याही पुढे जाते. हे जास्तीचं अंतर कुणाच्या तरी अंगावर संपू शकतं, आणि झाडलेल्या प्रत्येक गोळीची जबाबदारी झाडणाऱ्याची.

उलट चूकही तितकीच महाग पडते. ही कसोटी आली ती 1986 च्या मायामीतल्या चकमकीनंतर. तिथे एका हल्लेखोराच्या दंडातून छातीत शिरलेली 115 ग्रेनची हॉलो पॉइंट हृदयापर्यंत पोचण्याआधीच थांबली. त्या चकमकीत एफबीआयचे दोन अधिकारी मारले गेले. त्या काळी गोळी लवकर आणि जास्त पसरणं हाच गुण मानला जाई. पुरेसं खोल जाणंही तेवढंच लागतं हे त्यानंतर पक्कं झालं. म्हणून हलक्या, भन्नाट वेगाच्या, लागताच तुकडे होणाऱ्या ‘चमत्कारी’ गोळ्यांच्या नादी लागू नका. दर सगळ्यांत चढा आणि खोली बहुधा अपुरी, असा दुहेरी तोटा आहे.

हॉलो पॉइंट भिंतीत थांबते, हा समजही डोक्यातून काढा. हलक्या फळीच्या किंवा जिप्समच्या भिंतीतून जाताना तिच्या तोंडाची खळगी भुकटीने गच्च भरते, आणि मग ती न पसरता साध्या गोळीसारखीच पलीकडे निघते. जाड कापडानेही हेच होतं. जुन्या धाटणीच्या गोळीचं तोंड अरुंद असतं. त्यात कापडाची गोल चकती बूच बसवल्यासारखी अडकते. स्वस्त आणि बरी यांतला भेद इथेच पडतो. तोंड रुंद आहे का, काठावर कवचाला समान अंतरावर चिरा आहेत का, किंवा खळगीत कापड शिरू नये म्हणून मऊ प्लास्टिकचं बोंड बसवलं आहे का (हॉर्नाडीच्या क्रिटिकल डिफेन्समध्ये ते असतं), हे पाहा. शिवाय त्या गोळीची जाड कपड्याआडून, तुमच्या नळीच्या लांबीतून झालेली चाचणी शोधा. पारदर्शक कृत्रिम जेलीवरच्या चाचण्या दिसायला झकास असतात, पण त्यांतले आकडे जिलेटिनच्या आकड्यांशेजारी ठेवून तुलना करता येत नाही.

वजनाचं. 115 ग्रेन म्हणजे साडेसात ग्रॅमच्या आसपास, 124 म्हणजे आठ, 147 म्हणजे साडेनऊ. तुमची नळी आखूड आहे, त्यामुळे वेग आधीच थोडा गमावलेला आहे. वेगावर भिस्त असलेली 115 ची हॉलो पॉइंट अशा नळीत कधी नीट पसरत नाही, कधी पसरली तर खोल जात नाही. 147 ची मुळातच संथ, साधारण सेकंदाला 300 मीटरची, आणि चांगल्या बनावटीत ती त्याच वेगाला पसरेल अशी घडवलेली असते. या दोन्हींऐवजी आमचा कौल मधल्या 124 ला आहे, आणि कारण पुन्हा पैशांचंच: 124 ची साधी सरावाची गोळी 147 च्या मानाने सहज मिळते. वजन तेच आणि वेग जवळपास तोच राहिला की धक्का तसाच बसतो, गोळी त्याच जागी लागते, आणि स्वस्त गोळीवरचा सराव महागड्या गोळीला जसाच्या तसा उपयोगी पडतो. डबीवर ‘प्लस पी’ असेल तर ती जास्त दाबाची. 9 मिमीचा ठरलेला कमाल दाब 35,000 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), प्लस पीचा 38,500. पिस्तुलाच्या पुस्तिकेत मुभा नसेल तर हात लावू नका; मुभा असली तरी आखूड पिस्तुलात जास्तीचा झटका आणि झगझगाट सोसून हाती फारसं काही लागत नाही.

गोळी कागदावर कितीही चांगली असो, तुमच्या पिस्तुलात अडकली तर तिची किंमत शून्य. म्हणून चाचणी टाळू नका. आधी पिस्तूल साध्या गोळ्यांवर किमान 200 तरी विनातक्रार चाललेलं असावं. मग निवडलेल्या हॉलो पॉइंटची 50 काडतुसं झाडा, दोन्ही मॅगझिनमधून, पूर्ण भरून. त्यांतली एक फेरी फक्त उजव्या हाताने आणि एक फक्त डाव्या हाताने काढा. एक जरी अडकली तरी कारण शोधा. मॅगझिनांवर रंगाने 1 आणि 2 लिहून ठेवा. बिघाड एकाच आकड्याशी जुळला तर दोष गोळीचा नाही. टोक चेंबरच्या (नळीच्या मागच्या, काडतूस बसतं त्या भागाच्या) चढणीवर टेकून राहिलं तर त्या गोळीच्या तोंडाचा आकार तुमच्या पिस्तुलाला मानवत नाही, दुसरी बनावट घ्या. रिकामी पुंगळी स्लाइडच्या (नळीवरच्या मागे-पुढे सरकणाऱ्या भागाच्या) फटीत धुराड्यासारखी उभी राहिली तर पकड सैल आहे का ते आधी पाहा, काडतूस कमजोर असण्याची शंका नंतर. घोडा पडला आणि प्राइमरवर (काडतुसाच्या बुडातल्या, ठिणगी पाडणाऱ्या टोपीवर) नुसता हलका खड्डा उमटला तर फायरिंग पिनची वाट साफ करून घ्या. अशा वेळी नळी निशाणाकडेच धरून निदान 30 सेकंद थांबा, कारण काडतूस उशिरानेही पेटू शकतं. आणि धडाक्याऐवजी नुसतं ‘फुस्स’ झालं तर तिथेच थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते, तिच्यामागे दुसरी झाडली तर नळी फुटते. पिस्तूल रिकामं करून नळीतून आरपार दिसतं का ते पाहिल्याशिवाय पुढे जायचं नाही.

चाचणी पार पडली, आता भरून ठेवलेल्या काडतुसांची निगा. रोज रात्री पिस्तूल रिकामं करून सकाळी तेच काडतूस पुन्हा चेंबरमध्ये चढवण्याची सवय पुष्कळांना असते. प्रत्येक वेळी स्लाइड त्या गोळीचं टोक चढणीवर आपटते आणि गोळी पुंगळीत कणभर मागे सरकते. दोन काडतुसं टेबलावर शेजारी उभी करा: एक डबीतलं कोरं, एक रोजचं. डोळे त्यांच्या टोकांच्या पातळीत आणा. रोजचं बुटकं दिसलं तर समजा की आतली जागा घटली आहे. 9 मिमीची पुंगळी आधीच लहान, जागा जराशी घटली तरी दाब भराभर चढतो. नुसत्या डोळ्यांवर विसंबायचं नसेल तर व्हर्निअर कॅलिपर लावा. तुलना मात्र त्याच डबीतल्या कोऱ्या काडतुसाशीच करा. 9 मिमीची कमाल लांबी 29.69 मिमी असली तरी हॉलो पॉइंट मुळातच त्याहून आखूड असते. अर्धा मिलिमीटर आखूड झालेलं काडतूस आम्ही सरावालासुद्धा वापरणार नाही. वारंवारच्या आपटण्याने प्राइमरमधला मसाला सुटून काडतूस मुकं झाल्याचीही उदाहरणं आहेत. उपाय फुकट आहे: काडतूस दर वेळी चेंबरमध्ये गेलं की पुंगळीच्या बुडावर मार्करने एक रेघ ओढा. तीन रेघा झाल्या आणि लांबी पूर्ण असली की ते सरावाच्या डब्यात. पिस्तूल मुळात रोज रिकामं करायची वेळच येऊ नये असं ठेवा: कायद्याला धरून, मुलांच्या हाती लागणार नाही अशा कुलूपबंद पेटीत.

काडतुसांवर तेल फवारू नका. आत मुरणारं तेल प्राइमरपर्यंत पोचून तो निकामी करू शकतं. कोरडी, थंड जागा पुरते. ओलसर हवेत घट्ट झाकणाचा डबा वापरा, आत सिलिका जेलची पुडी टाका. पुन्हा भरलेली काडतुसं, मग ती कुणीही भरलेली असोत, संरक्षणासाठी नकोत. सरावाला वापरायची तर भरणारा भरवशाचा हवा आणि पिस्तूल बनवणाऱ्याची हमी त्याने रद्द होत नाही ना, ते पाहा.

आता रिव्हॉल्व्हर. तुम्ही नुसतं ‘.38’ लिहिलं आहे, आणि धोका नेमका तिथे आहे. .38 स्पेशल वेगळं आणि .38 स्मिथ अँड वेसन वेगळं. दुसऱ्याची पुंगळी आखूड आणि जाड, गोळीही किंचित जाडी. जुनी ब्रिटिश वळणाची रिव्हॉल्व्हर, वेब्ली आणि एनफिल्ड, या दुसऱ्या काडतुसाची आहेत. शिवाय दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांसाठी बनलेली स्मिथ अँड वेसनची काही रिव्हॉल्व्हर नंतर चेंबर खरवडून .38 स्पेशलची केली गेली. अशा हत्यारात स्पेशलचं काडतूस बसतं, उडतं, पण बाहेर आलेली पुंगळी बुडाच्या बाजूला फुगलेली असते, कधी तडकते. नळीवरचा आणि सिलिंडरवरचा शिक्का वाचा, एकदा जाणत्या बंदूक-कारागिराला दाखवा आणि त्याने सांगितल्याशिवाय झाडू नका. नावांचा असाच घोळ 9 मिमीतही आहे: 9×19 म्हणजे लुगर किंवा पॅराबेलम, 9×18 म्हणजे माकारोव्ह, आणि 9×17 म्हणजे .380, ज्याला 9 मिमी शॉर्ट किंवा कुर्झ म्हणतात. तिन्ही परस्परांच्या जागी चालत नाहीत. डबीच्या रंगावर जाऊ नका, पुंगळीच्या बुडावर काय कोरलंय ते वाचा.

रिव्हॉल्व्हर खरोखर .38 स्पेशलचं आणि सुस्थितीत निघालं तर त्याच्यासाठी स्वस्त आणि बरा पर्याय आहे: 148 ग्रेनची वॉडकटर. ही सपाट टोकाची, पुंगळीच्या काठाशी जवळजवळ समपातळीत बसणारी शिशाची गोळी मुळात निशाणावरच्या कागदाला स्वच्छ गोल भोक पाडण्यासाठी आहे. ती पसरत नाही, पण दोन इंची नळीतूनही पुरेशी खोल जाते आणि धक्का इतका मवाळ की नेम हलत नाही. आखूड नळीत अनेक हॉलो पॉइंट पसरण्याइतका वेगच गाठत नाहीत, त्यापेक्षा ही परवडली. दोष एकच: टोक बोथट असल्याने घाईत सिलिंडरच्या भोकांत घालायला त्रास होतो. प्लस पी जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये अजिबात नको. रिव्हॉल्व्हर वजनाला हलकं असेल तर आणखी एक तपासणी करा: सिलिंडर पूर्ण भरा, शेवटचं सोडून बाकीची झाडा, मग ते उरलेलं काढून लांबी मोजा. धक्क्यांनी गोळी पुंगळीतून पुढे सरकली असेल तर ती बाहेर डोकावून सिलिंडर फिरणंच बंद करू शकते. पिस्तुलात गोळी मागे जाते, इथे पुढे येते.

पत्रात नाही, पण विचारलं जातंच म्हणून: .32 एसीपीच्या पिस्तुलात उलट सल्ला. त्या काडतुसात जोर बेताचा, हॉलो पॉइंट पसरली की उथळ राहते, आणि तिचं काडतूस आखूड असल्याने मॅगझिनमध्ये एका पुंगळीचा काठ दुसरीच्या मागे अडकून सगळं जाम होऊ शकतं. तिथे साधी कवचबंद गोळीच ठेवा. .22 मध्येही तसंच. शिवाय त्याचा प्राइमर पुंगळीच्या कडेत पसरलेला असल्याने न पेटण्याचं प्रमाण जास्त, त्यामुळे ते पिस्तूल काय पेटवतं आणि काय नाही हे झाडून पाहण्याला पर्याय नाही.

राहिली वडिलांची डबी. कोरड्या, थंड जागी ठेवलेली कारखान्याची काडतुसं दशकानुदशकं टिकतात, म्हणून जुनी म्हणजे मेलेली असं नाही. पण ती कपाटात कुठल्या उन्हाळ्या-पावसाळ्यांतून गेली ते कुणाला ठाऊक नाही, तेव्हा संरक्षणासाठी नाहीच. एकेक काढून पाहा. हिरवी बुरशीसारखी पूड, पुंगळीच्या तोंडाशी केसाएवढी चीर, खळग्यांचा गंज, गोळी हलणं, यांपैकी काहीही दिसलं तर बाद. बुडावरचा शिक्का हत्याराशी जुळला आणि काडतुसं स्वच्छ असली तर सरावाला एकेक भरून झाडता येतील, ‘फुस्स’चा नियम ध्यानात ठेवून. जुन्या लष्करी साठ्यातली असतील तर त्यांचा प्राइमर क्षारयुक्त असू शकतो, तो हवेतला ओलावा ओढून नळी गंजवतो. त्याच दिवशी नळी गरम पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा, मग तेल लावा. नुसत्या तेलाने ते क्षार जात नाहीत.

त्याआधी एक काम: ती काडतुसं तुमच्या परवान्यावर नोंदलेली आहेत का ते बघा. रिव्हॉल्व्हर तुमच्या नावावर झालं म्हणून डबी आपोआप झाली असं नाही. परवाना देणाऱ्या कार्यालयात विचारून घ्या. बाद झालेली काडतुसं कचऱ्यात, विहिरीत किंवा आगीत टाकू नका. ती पोलिसांत किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा, आणि पोच लेखी घ्या.